शेड्यूल आधी कोणाचं कापतात

कारखान्यासाठी ओपन ॲक्सेसने, म्हणजे आहेत त्याच तारांवरून पण वितरण कंपनीऐवजी दुसऱ्या कोणाकडून, वीज घ्यायचं ठरलं की मालकांपासून हिशेबनीसापर्यंत सगळे एकच विचारतात, युनिटमागे किती वाचणार? विचारायलाच हवं. पण ज्या तारांवरून ती वीज येणार त्या तारांवर आपला हक्क किती, आणि तारा भरल्या की कोणत्या वेळी किती वीज घ्यायची याचं आपलं शेड्यूल कोणाच्या आधी कापणार, हे सहसा कोणी विचारत नाही. गेली काही वर्षं मी या प्रश्नाच्या मागे आहे. मध्यम आकाराचे कारखाने चालवणाऱ्या आपल्या लोकांना हे मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून जे करावं लागलं आणि जे त्यातून कळलं ते लिहिते आहे.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात वाढले, आणि सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेलं कलाभवन ज्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीचं मूळ, तिथे इलेक्ट्रिकल शिकले. सध्या सावलीकडच्या मंजुसर जीआयडीसीत, म्हणजे गुजरातच्या सरकारी औद्योगिक वसाहतीत, एका फाउंड्रीचं, लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याचं, विजेचं सगळं काम माझ्याकडे आहे. दोन इंडक्शन भट्ट्या, मोल्डिंग, कॉम्प्रेसर, फेटलिंग. एक टन लोखंड वितळवायला साधारण साडेपाचशे ते सहाशे युनिट लागतात, त्यामुळे आमच्याकडे कच्च्या मालानंतरचा मोठा खर्च विजेचाच. पहिली भट्टी आणि बाकीचा कारखाना वितरण कंपनीशी केलेल्या कॉन्ट्रॅक्ट डिमांडमध्ये, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची त्या ठरलेल्या मर्यादेत, बसत होता. दुसरी भट्टी आली तेव्हा तिची वीज बाहेरून आणायचं ठरलं.

बडोद्यात राहण्याचा एक फायदा असा की राज्याच्या विजेचा कारभार याच गावातून चालतो. गुजरात वीज बोर्ड १ एप्रिल २००५ ला सात कंपन्यांत विभागलं गेलं, तरी आमच्याकडे भाजीवालासुद्धा अजून ‘जीईबी’च म्हणतो. तारा सांभाळणारी जेटको, मध्य गुजरातला वीज देणारी एमजीव्हीसीएल आणि सगळ्यांसाठी वीज खरेदी करणारी जीयूव्हीएनएल, तिन्हींची मुख्य कार्यालयं रेसकोर्सला. आणि कोणाची किती वीज कधी वाहणार हे ठरवणारं राज्य भार प्रेषण केंद्र गोत्रीला. लांबच्या कारखान्यांतले लोक रात्रीचा प्रवास करून इथे येतात. मला स्कूटरवरून जाता येत होतं.

कायदा सरळ आहे. २००३ च्या वीज कायद्यात ओपन ॲक्सेसची व्याख्याच भेदभावाविना तारा वापरू देण्याची आहे. तारा ज्याच्या मालकीच्या, त्याने आपल्या माणसाला पुढे आणि परक्याला मागे असं करायचं नाही. पण भेदभाव नाही याचा अर्थ क्रम नाही असा होत नाही. क्रम आहे, तो लेखी आहे, आणि त्यात आपण कुठे उभे राहणार हे अर्ज कोणत्या प्रकारचा भरतो त्यावर ठरतं. वीज कुठून घ्यायची, किती रुपयांनी घ्यायची, हे त्याच्या नंतरचे प्रश्न.

आम्ही सुरुवात केली तेव्हा जुनी पद्धत चालू होती. दीर्घ मुदत म्हणजे १२ ते २५ वर्षं, मध्यम म्हणजे तीन महिन्यांच्या वर ते तीन वर्षं, आणि अल्प मुदत म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त एक महिना. नव्या भट्टीला ऑर्डर किती मिळतील याचा अंदाज नव्हता, म्हणून मालकांनी अल्प मुदतीवर बोट ठेवलं. छत्तीसगडमधल्या एका उत्पादकाची वीज एका ट्रेडरमार्फत, महिन्याच्या करारावर.

त्यासाठी तेव्हा आधी गोत्रीची एनओसी लागायची, मग मुंबईतल्या पश्चिम विभागीय भार प्रेषण केंद्राकडे अर्ज. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे राज्याचं केंद्र एनओसी देताना दोनच गोष्टी तपासायचं. पंधरा-पंधरा मिनिटांच्या ब्लॉकचा हिशेब देणारं मीटर आहे का, आणि राज्याच्या तारांवर तेवढी जागा शिल्लक आहे का. पहिल्यांदा अर्ज असेल तर सात कामाचे दिवस, नंतरच्या अर्जांना तीन. या मुदतीत उत्तर आलं नाही तर संमती गृहीत धरली जायची. हे लिहून ठेवण्यासारखं होतं, कारण पुष्कळ जण अर्ज देऊन नुसते वाट पाहत बसायचे.

आमचं घोडं मीटरपाशी अडलं. मीटरच्या मागे जे करंट ट्रान्सफॉर्मर असतात, ज्यांना सगळे सीटी म्हणतात, त्यांचा अचूकतेचा वर्ग ०.२एस हवा. कागदावर एक लिहिलेलं आणि यार्डात काय बसवलंय ते कोणाला ठाऊक नाही, अशी स्थिती. शेवटी शटडाऊन घेऊन ६६ केव्हीच्या यार्डात अर्थिंग लावून शिडीवर चढलो. सीटीच्या पाटीवर कुणीतरी कधीकाळी रंगाचा हात मारला होता. आमच्या वायरमनने रॉकेलच्या फडक्याने ती पाटी घासली, तेव्हा रंगाखालून एकेक अक्षर वर आलं. दोन फेजवर ०.२एस होतं, तिसऱ्यावर ०.५. ती एक सीटी बदलून, चाचणी होऊन अहवाल हातात येईपर्यंत आमचा अर्ज अर्ज मानलाच गेला नाही.

यातलं पुढे फार उपयोगी पडलं ते हे: ‘आधी येईल त्याला आधी’ या नियमातलं येणं म्हणजे पूर्ण अर्जाचं येणं. एकेरी रेखाचित्र, मीटरचा अहवाल, वितरण कंपनीचं थकबाकी नसल्याचं पत्र, संचालक मंडळाचा ठराव, शुल्क. यातला एक कागद कमी असेल तर तारीख त्या कागदाची धरतात. ज्याच्याकडे कागद तयार आहेत तो आठवडाभर उशिरा येऊनही पुढे जातो. मला हा नियम पटतो. अर्धवट अर्ज टाकून जागा अडवून ठेवायची सोय कोणालाच मिळू नये.

अर्ज मंजूर झाला, भट्टी चालू झाली, बिलात फरक दिसू लागला.

मग आला २०२२ चा उन्हाळा. विसरता येणार नाही असा. मार्चमध्ये एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, युनिटचा भाव २० रुपयांना जाऊन टेकला, १ एप्रिलला केंद्रीय आयोगाने १२ रुपयांची मर्यादा घातली, कोळसा कमी पडत होता, आणि २९ एप्रिलला देशाची मागणी २०७ गिगावॅटवर गेली. त्याच दिवसांत एका दुपारी ट्रेडरचा फोन आला. वाटेतल्या एका लाइनवर भार मर्यादेपलीकडे चाललाय, अल्प मुदतीची शेड्यूल कापताहेत, तुमचं आजच्या उरलेल्या ब्लॉकमध्ये शून्य झालंय.

शेड्यूल शून्य होतं म्हणजे काय, हे इथे थांबून सांगायला हवं. आपला ब्रेकर कोणी पाडत नाही. दिवे जात नाहीत, भट्टीचा घुमणारा आवाज थांबत नाही. तारेतल्या विजेवर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं, ती वाहतच राहते. फक्त त्या ब्लॉकपासून जी वीज आपण ओढू, ती आपली म्हणून मोजली जात नाही. ती आपण न ठरवता ओढलेली, कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या वर गेलेली वीज होते, आणि तिचा दंड लागतो. त्याहून गंभीर म्हणजे, अडलेल्या लाइनवर जो भार कमी व्हायला हवा तो आपल्यामुळे कमी होत नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला जवळपास अर्धा देश अंधारात गेला, त्याची सुरुवात बिना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची एक लाइन ट्रिप होऊन बंद पडण्यापासून झाली होती. त्या दोन्ही दिवशी आमचं पश्चिम ग्रिड वाचलं. त्या वेळी मी नुकती नोकरीला लागले होते आणि कंट्रोल पॅनेलसमोर फ्रिक्वेन्सीचा आकडा वर जाताना पाहिला होता. त्यामुळे ‘दंड भरू, पण भट्टी चालू ठेवू’ ही भाषा मला सहन होत नाही.

त्या वेळच्या ग्रिड कोडप्रमाणे, अडचण आली तो ब्लॉक पहिला धरून चौथ्या ब्लॉकपासून सुधारलेलं शेड्यूल लागू व्हायचं. म्हणजे हातात पाऊण तास, फोन उशिरा आला असेल तर त्याहून कमी. दुसऱ्या भट्टीत अर्धा चार्ज वितळला होता. अशा वेळी वीज बंद केली तर लोखंड आत गोठतं, गोठताना लायनिंगला, म्हणजे भट्टीच्या आतल्या अस्तराला, तडे जातात, आणि पुढे काही दिवस ती भट्टी कामाची राहत नाही. भट्टीवरच्या आमच्या जुन्या मिस्त्रींना सगळे काका म्हणतात. त्यांनी डोळ्यांवरची निळी काच वर करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “ताई, किती वेळ आहे?” मी सांगितलं. त्यांनी पहिल्या भट्टीचा नवा चार्ज तिथल्या तिथे थांबवला. ती नुकतीच रिकामी झाली होती. कॉम्प्रेसरपैकी एक बंद केला. पहिल्या भट्टीची जी वीज कॉन्ट्रॅक्ट डिमांडमध्ये मोकळी झाली, त्यावर दुसरीतलं लोखंड पूर्ण तापमानाला नेलं, साच्यांत ओतलं, आणि उरलेलं पिगच्या खाचांत, म्हणजे जास्तीचं लोखंड ओतून ठेवायच्या साच्यांत, रिकामं केलं. थंड पाण्याचे पंप मात्र चालू ठेवावे लागतात, भट्टी रिकामी झाली तरी. नाहीतर कॉइल जळते.

त्या दिवशीचं उत्पादन गेलं. त्यापेक्षा मला खुपत होतं ते वेगळंच. शेजारच्या आळीतल्या एका कारखान्याने एक्स्चेंजवरून वीज घेतली होती, त्याचं शेड्यूल तसंच राहिलं. पलीकडच्या रासायनिक कारखान्याची दीर्घ मुदतीची वीज, त्यालाही धक्का नाही. आमचीच का?

ते विचारायला मी गोत्रीला गेले. तिथल्या एका अभियंत्याने मला बसवून घेतलं, चहा मागवला, आणि एका कोऱ्या कागदावर उभी रेघ मारून क्रम लिहून दिला. मी म्हटलं, आम्ही लहान म्हणून आधी कापलं का? तर म्हणाले, “बेन, मोटा-नाना नथी जोता, मुदत जोईए छीए.” लहानमोठं पाहत नाही, मुदत पाहतो. तो कागद मी अजून फाइलला लावून ठेवलाय.

क्रम असा. आधी अल्प मुदत कापायची. तिच्यातसुद्धा दोन माणसांत ठरलेले करार आधी, एक्स्चेंजवरची सामूहिक खरेदी त्यानंतर. मग मध्यम मुदत. सर्वांत शेवटी दीर्घ मुदत. एकाच वर्गात जेवढे असतील त्यांच्यात डावंउजवं नाही, सगळ्यांची त्यांच्या त्यांच्या प्रमाणात कपात. शंभर मेगावॅटवाल्याचे दहा टक्के तर दोनवाल्याचेही दहा टक्के. शेजाऱ्याचं शेड्यूल का राहिलं आणि आमचं का गेलं, ते एका ओळीत सुटलं. आमचा दोघांतला करार होता, त्याची एक्स्चेंजची खरेदी होती.

यामागचं कारण अल्प मुदतीची जागा मुळात कुठून येते त्यात आहे. मुलाच्या लग्नानंतर लागेल म्हणून वरची खोली बांधून ठेवावी आणि तोवर ती भाड्याने द्यावी, तशी ती जागा असते. लाइन बांधतानाच सुरक्षिततेसाठी थोडी क्षमता जास्त ठेवलेली असते, पुढच्या वाढत्या मागणीसाठी थोडी राखलेली असते, आणि वीज कधी इकडून कधी तिकडून वाहते म्हणून काही तास काही लाइन्स हलक्या असतात. या तीन शिलकांवर अल्प मुदत जगते. तिच्यासाठी कोणी एक मनोराही उभारत नाही. मध्यम मुदतीसाठीही नवी लाइन बांधत नाहीत, जे आहे किंवा जे बांधून होत आलंय त्यात बसत असेल तरच मंजुरी. फक्त दीर्घ मुदतीच्या अर्जासाठी गरज पडली तर तारा वाढवतात. ज्याच्या बारा वर्षांच्या सहीवर लाइन उभी राहिली, त्याची वीज महिनाभराच्या पाहुण्याआधी कापणं अन्याय ठरेल.

दुसरं एक तिथेच स्पष्ट झालं. रांगा दोन आहेत आणि त्यांचा गोंधळ करायचा नाही. जागा देताना एक रांग, जागा काढून घेताना दुसरी. अल्प मुदतीत आगाऊ अर्ज, म्हणजे पुढच्या काही महिन्यांसाठीचे, आधी विचारात घेतले जातात, ऐनवेळचे नंतर. त्यामुळे आत जाताना लवकर येण्याला किंमत आहे. पण एकदा वर्गात बसलात की लवकर आलात म्हणून कमी कापत नाहीत. महिना संपला की पुन्हा नव्याने अर्ज, आणि मागच्या महिन्यात होतो म्हणून यावेळी आधी मला द्या असा हक्क अल्प मुदतीवाल्याला नाही. नियमात तसं साफ लिहिलंय.

राज्याच्या आतल्या तारांसाठी गुजरात आयोगाचे २०११ चे नियम होते, आणि तिथे रांगेच्या अगदी डोक्यावर वितरण कंपनी. तिचा अर्ज कोणत्याही मुदतीचा असो, ती पहिली. मग दीर्घ, मग मध्यम, मग अल्प. कापताना बरोबर उलटं.

हे वाचून मला थोडा राग आला होता. तारा भेदभावाविना म्हणायचं आणि सरकारी वितरण कंपनीला कायम पुढे? मी तो वडिलांच्या एका मित्रांसमोर काढला. ते वीज बोर्डात अभियंते होते, आता निवृत्त, सूरसागरच्या बाजूला राहतात. ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, “अगं, वितरण कंपनी म्हणजे ती इमारत नव्हे. तिच्या मागे तुझी आई आहे, सयाजी इस्पितळ आहे, पादऱ्याचा शेतकरी आहे. त्यांनी ओपन ॲक्सेसचा अर्ज कुठे भरायचा?” मग ते ज्योतिग्रामच्या दिवसांबद्दल बोलत राहिले. २००३ ते २००६ या काळात गावठाणाचे आणि शेतीचे फीडर, म्हणजे वीज पोचवणाऱ्या लाइन्स, वेगळे केले, गावाला दिवसरात्र आणि शेतीला ठरलेले तास. त्याआधी शेतीचा भार वाढला की अख्खं गाव अंधारात जायचं, कारण वेगळं काढण्यासारखं काही नव्हतंच. कोणाला आधी आणि कोणाला नंतर हे ठरवायचं असेल तर आधी तारा तशा असाव्या लागतात, हे त्यांचं वाक्य मी विसरणार नाही. राग त्या संध्याकाळीच गेला.

अमेरिकेत माझा मावसभाऊ एका वीज कंपनीत प्लॅनिंगला आहे. त्याला विचारलं, तुमच्याकडे काय पद्धत? तिथे १९९६ मध्ये त्यांच्या संघीय आयोगाने ऑर्डर ८८८ काढली आणि सगळ्या कंपन्यांना एकसारखी दरपत्रिका लावली. आमच्याइतकी मुदतीची तीन खणं नाहीत. पहिला भेद पक्की सेवा की कच्ची, म्हणजे फर्म की नॉन-फर्म, हा. कंपनीची स्वतःची घरगुती आणि इतर ग्राहकमंडळी आणि पक्की सेवा घेतलेला परका ग्राहक कापताना एकाच पायरीवर, प्रमाणात. कच्ची सेवा त्याआधी जाते, आणि तिच्यातही तासाभराची आधी, मग दिवसाची, मग आठवड्याची, मग महिन्याची. पूर्वेकडच्या ग्रिडमध्ये याला ठरलेल्या पातळ्या आहेत. तिसऱ्या पातळीला कच्ची कापायची, पाचवीला पक्कीला हात लावायचा. आणि सगळ्यांनाच नाही, तर ज्या व्यवहाराचा निदान पाच टक्के प्रवाह त्या अडलेल्या जागेवरून जातो त्यालाच.

आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटला. तिथे कोणी कमी मुदतीची जागा राखली आणि मागून जास्त मुदतीचा अर्ज आला, तर ठरावीक वेळेपर्यंत पहिल्याची जागा जाऊ शकते. मात्र पहिल्याला आधी विचारतात, तूही तेवढी मुदत घेतोस का? घेतली तर जागा त्याचीच. शिवाय पाच वर्षं किंवा जास्तीचा करार असेल तर मुदत संपताना तो पुढे चालू ठेवण्याचा पहिला हक्क. आणि कोणत्या वाटेवर किती जागा शिल्लक आहे, कोणी किती राखली, हे सगळं ऑर्डर ८८९ पासून इंटरनेटवर, गिऱ्हाइकाला आणि कंपनीच्या स्वतःच्या विक्री विभागाला एकाच वेळी दिसतं. हे शेवटचं ऐकून मी बराच वेळ गप्प होते. आपल्याकडे विभागाविभागांतल्या उपलब्ध क्षमतेचे आकडे जाहीर होतात, पण मंजुसरच्या माझ्या ६६ केव्हीच्या फीडरपर्यंत त्यातून काही कळत नाही. मोठ्या कारखान्याकडे सल्लागार असतो, तो कुठूनतरी माहिती काढतो. पन्नास माणसांच्या फाउंड्रीला अर्ज नाकारला गेल्यावरच कळतं. क्रमाबद्दल माझी तक्रार नाही. रांगेत उभं राहण्याआधी ती किती लांब आहे हे दिसायला हवं, एवढी माझी मनापासूनची मागणी आहे, आणि आयोगाच्या जनसुनावणीत मी ती मांडलीसुद्धा.

मालकांपुढे मी जे मांडलं ते दराचं गणित नव्हतं. दुसरी भट्टी पुढची बारा वर्षं चालवायची आहे का, एवढंच विचारलं. चालवायची असेल तर दीर्घ मुदत. ते दोन दिवस मागेपुढे करत राहिले, कारण दीर्घ मुदतीत पैसे जागेचे द्यायचे असतात. वीज वाहो न वाहो, मेगावॅटमागे रोजचं शुल्क ठरलेलं. मधेच सोडायचं म्हटलं तर आपल्यामुळे अडकून पडलेल्या क्षमतेची भरपाई. बारा वर्षांची सही ही फाउंड्रीच्या धंद्यात फार मोठी गोष्ट आहे, गाड्यांच्या कंपन्यांची ऑर्डर तिमाहीच्या पुढे दिसत नाही. पण त्यांनी होकार दिला.

मग आम्ही काही कारखान्यांनी मिळून कच्छमधल्या एका पवनऊर्जा प्रकल्पात भागीदारी घेतली. २००५ च्या नियमांप्रमाणे निदान २६ टक्के मालकी आणि निदान ५१ टक्के वापर आपला असेल तर ती कॅप्टिव्ह वीज ठरते आणि बाहेरची वीज घेणाऱ्यावर बसणारा क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही. भागीदारांत मालकीच्या प्रमाणात वापर जुळवणं हेच मोठं काम आहे. वर्षाअखेरीस एकाने कमी वापरली तर सगळ्यांचा दर्जा धोक्यात येतो. त्याचा हिशेब दर महिन्याला ठेवावा, मार्चमध्ये नव्हे.

राज्यातल्या राज्यात दीर्घ मुदत म्हटल्यावर अर्ज जेटकोकडे. तिथे यंत्रणेचा अभ्यास होतो, म्हणजे आपला भार धरून सगळ्या लाइन्स आणि ट्रान्सफॉर्मर संगणकावर चालवून पाहतात. एक लाइन किंवा एक ट्रान्सफॉर्मर गेला तरी बाकीचे भार पेलतात का, हे बघतात. आमच्या बाजूला अडचण नव्हती. कच्छच्या बाजूला होती, कारण वारा जिथे चांगला तिथे सगळ्यांचेच अर्ज. एका वाहिनीचं काम पूर्ण झाल्यावर जागा मिळेल असं लेखी आलं, आणि ते काम होईपर्यंत वाट पाहणं भाग होतं. तो काळ आम्ही एक्स्चेंजच्या विजेवर काढला. दोघांतल्या करारापेक्षा ती कापताना एक पायरी मागे, एवढं तर आता माहीत होतं. जागा मिळाल्यावर बँक गॅरंटी, मग पारेषणाचा करार. स्टॅम्प पेपरवर सही करताना मालकांनी तारीख पाहिली आणि म्हणाले, “हा संपेल तेव्हा मुलगी कारखाना बघत असेल.”

दरम्यान आंतरराज्य तारांचा नियम बदलला. २०२२ मध्ये केंद्रीय आयोगाने जीएनएची (जनरल नेटवर्क ॲक्सेसची) पद्धत आणली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती पूर्ण लागू झाली. आता वीज कुठून कुठे नेणार हे आधी सांगावं लागत नाही, देशाच्या जाळ्यात किती मेगावॅट आत-बाहेर करणार एवढंच. दीर्घ आणि मध्यम हे खण गेले, जीएनए आणि तात्पुरती टी-जीएनए असे दोन राहिले. कापताना आधी टी-जीएनए, त्यातही दोघांतले करार आधी आणि एक्स्चेंज नंतर, मग जीएनए. नाव बदललं, पण गोत्रीच्या त्या कागदावरचा क्रम जवळपास तसाच उतरलाय.

आणि लहान कारखान्यांसाठी एक दार उघडलं आहे. जून २०२२ च्या हरित ओपन ॲक्सेसच्या केंद्रीय नियमांनी एक मेगावॅटची अट १०० किलोवॅटवर आणली. अर्जावर पंधरा दिवसांत निर्णय, नाहीतर मंजूर गृहीत. नकार द्यायचा तर आधी म्हणणं ऐकून घ्यायचं. आणि कोळशाच्या विजेपेक्षा हरित विजेच्या अर्जाला आधी जागा. आमच्या जीआयडीसीतले पॅटर्न बनवणारे, प्लेटिंगवाले, पॅकिंगचे कारखाने आता माझ्याकडे विचारायला येतात. मी त्यांना आधी यार्डात घेऊन जाते आणि सीटीची पाटी वाचायला लावते. मग विचारते, शेड्यूल कापलं तर कारखान्यातलं काय काय पाऊण तासात थांबवता येतं त्याची यादी आहे का? ज्यांचं सगळं थांबवता येतं त्यांनी खुशाल अल्प मुदत घ्यावी, स्वस्त पडते. ज्यांच्याकडे भट्टी, बाष्पक किंवा शीतगृह आहे त्यांना मी सही लांब करायला सांगते.

आमची दुसरी भट्टी आता वाऱ्याच्या विजेवर चालते. वारा पडला की उरलेलं एक्स्चेंजवरून घेतो, आणि तेवढा भाग अजूनही रांगेत पुढे उभा आहे, आधी कापला जाणारा. त्याचे ब्लॉक काका भट्टीशेजारच्या फळ्यावर खडूने वेगळे लिहून ठेवतात.